गुणांकन आणि गुणग्रहण



खेळ आणि खेळाविषयीची चर्चा ही जोडी फार पुरातन आहे. विटीदांडूचा किंवा लगोरीचा डाव मोडून सांजवेळी घराकडे परतणारी मुले वाटेने जे बोलत असतात, त्यात कोण जिंकला यापेक्षा डाव कसा रंगला, कोणी कोणती चलाखी केली आणि कोणाचा कोठे घात झाला, याचेच वर्णन अधिक असते. आता खेळाचे अंगण बरेचसे काचेच्या पडद्यावर आले आहे. नंदिगड्डे व आसपासच्या वाड्यांवर, जेथे मोबाइलचा संपर्क साधण्यासाठी कित्येकदा उंचवट्याची जागा शोधावी लागते, तेथेही व्हिडिओ गेम हा शब्द लहानथोरांस परिचित झाला आहे. परंतु अंगण बदलले तशी चर्चेची भाषाही बदलली. ‘खेळ कसा आहे?’ असे विचारले असता ‘त्याला साडेचार स्टार आहेत’ असे उत्तर मिळते, आणि तेवढ्याने विचारणाऱ्याचे व सांगणाऱ्याचे, दोघांचेही समाधान होते! हे समाधान कितपत योग्य आहे, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

व्हिडिओ गेमची समीक्षा हा आज जगभर एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. नाटकाचा पहिला प्रयोग पाहून वृत्तपत्रात जसे त्याचे परीक्षण येते, तसेच नवा खेळ बाजारात येण्याच्या सुमारास समीक्षक तो खेळून पाहतात, त्याची कथा, चित्रे, संगीत व खेळण्यातील रंगत यांविषयी लिहितात, आणि लेखाच्या शेवटी बहुधा एक आकडा देतात. जपानातील ‘फामित्सू’ या नियतकालिकाची पद्धत मोठी मनोरंजक आहे. एकच खेळ चार परीक्षकांनी तपासावयाचा, प्रत्येकाने दहापैकी गुण द्यावयाचे आणि चौघांची बेरीज चाळीसपैकी मांडावयाची. १९९८ साली ‘निंटेंडो’ कंपनीच्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम’ या खेळाने या परीक्षेत प्रथमच ४० पैकी ४० गुण मिळविले.

पुढे २००१ साली अमेरिकेत ‘मेटाक्रिटिक’ नावाचा उपक्रम सुरू झाला. तो स्वतः कोणत्याही खेळाचे परीक्षण करीत नाही. निरनिराळ्या समीक्षकांनी दिलेले गुण गोळा करावयाचे आणि त्यांची शंभरपैकी एक सरासरी काढून जगापुढे ठेवावयाची, एवढेच त्याचे कार्य. सरासरी ७५ किंवा अधिक असेल तर हिरवा रंग, ५० ते ७४ असेल तर पिवळा, आणि त्याखाली तांबडा. नुकत्याच उल्लेखिलेल्या ‘ओकारिना’स येथे ९९ गुण आहेत. कोणत्याही खेळाच्या नावापुढे हा रंगीत चौकोन पाहिला की पुढचे काही वाचावयाचे कारण उरत नाही, असे पुष्कळांस वाटते.

या पद्धतीचा उपयोगच नाही, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. संगणकावरील किंवा खेळयंत्रावरील मोठा नवा खेळ विकत घ्यावयाचा तर तीन-चार हजार रुपये सहज लागतात. ज्या कुटुंबास एवढा खर्च करण्यापूर्वी दहादा विचार करावा लागतो, त्याला वीस समीक्षकांचे मत एका दृष्टिक्षेपात कळणे ही मोठीच सोय होय. अगदीच टाकाऊ माल गळ्यात पडण्यापासून आकडा आपणांस वाचवितो. शिवाय वर्षभर उत्तरपत्रिका तपासून गुण देणाऱ्या शिक्षकानेच गुणांविरुद्ध तक्रार करावी, हे शोभणारे नाही. आमचा आक्षेप आकड्यास नसून आकड्यापाशी थांबण्यास आहे. तो का, हे काही उदाहरणांनी स्पष्ट होईल.

प्रथम आकडा कसा तयार होतो ते पाहू. कोणी समीक्षक पाचपैकी तारे देतो, कोणी दहापैकी गुण, तर कोणी ए, बी, सी अशी श्रेणी. मेटाक्रिटिक या सर्वांस शंभराच्या मापात आणते. ‘बी वजा’ ही श्रेणी देणाऱ्या समीक्षकाच्या मनात ‘समाधानकारक, काही उणिवा सोडल्यास बरा’ असा भाव असतो. परंतु रूपांतरात तिचे ६७ होतात आणि बरा म्हटलेला खेळ पिवळ्या रांगेत जाऊन बसतो. पुन्हा सरासरीही सरळ नाही. काही समीक्षकांच्या मतास अधिक वजन दिले जाते व काहींच्या मतास कमी. आणि हे वजन किती, ते जाहीर केले जात नाही. एखाद्या शिक्षकाने ‘तुमच्या गुणांची बेरीज मी माझ्या मनातील हिशेबाने करतो’ असे सांगितले, तर कोणता पालक ते मान्य करील?

आकडा केवळ शोभेचा असता तर या गोष्टीकडे दुर्लक्ष करता आले असते. पण त्यावर माणसांची मिळकत अवलंबून असते. २०१० साली ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’ हा खेळ निघाला. तो रचणाऱ्या ‘ऑब्सिडियन’ कंपनीस मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाले तरच प्रकाशकाकडून अधिक मोबदला मिळावयाचा होता. गुण पडले ८४! कंपनीचे एक प्रमुख, ख्रिस ॲव्हेलोन, यांनी २०१२ साली ही हकीकत स्वतःच सांगितली. चौऱ्याऐंशी आणि पंच्याऐंशी यांच्यामधील अंतर डोळ्यांनी दाखविता येईल, असा समीक्षक पृथ्वीच्या पाठीवर नसेल. पण मोबदल्याच्या बाबतीत त्या एका गुणाने ‘होय’चे ‘नाही’ केले. एका गुणाने ज्याचा वर्ग हुकला आहे अशा विद्यार्थ्यास याचे मर्म समजावून सांगावयास नको. आज हाच खेळ त्या मालिकेतील उत्तम कृतींपैकी एक म्हणून अनेक जाणकार नावाजतात.

दुसरी गोष्ट काळाची. पुस्तक छापले की ते बदलत नाही. खेळ मात्र विक्रीस आल्यानंतरही बदलत राहतो. २०१६ साली ‘नो मॅन्स स्काय’ हा अवकाशप्रवासाचा खेळ निघाला, तेव्हा दिलेली वचने पाळली नाहीत म्हणून खेळाडू संतापले आणि समीक्षकांनी त्यास जेमतेम गुण दिले. रचनाकारांनी काम सोडले नाही. वर्षानुवर्षे ते विनामूल्य सुधारणा करीत राहिले, आणि २०२४ पर्यंत त्याच खेळाविषयी खेळाडूंचा कौल पुष्कळच अनुकूल झाला. समीक्षकांचा पहिला आकडा मात्र जन्मपत्रिकेसारखा चिकटून राहिला. याच्या उलट प्रकार २०२० सालच्या डिसेंबरात घडला. पोलंडमधील ‘सीडी प्रोजेक्ट’ कंपनीच्या ‘सायबरपंक २०७७’ या खेळाची केवळ संगणकावरील आवृत्ती आधी समीक्षकांस देण्यात आली होती. तिला भरघोस गुण मिळाले. प्लेस्टेशन ४ सारख्या जुन्या यंत्रांवर मात्र खेळ अडखळू लागला, मध्येच बंद पडू लागला. ‘सोनी’ कंपनीने तो त्याच महिन्यात आपल्या विक्रीतून काढून घेतला आणि २०२१ च्या जूनमध्ये पुन्हा ठेवला. आकड्यावर विश्वासून खरेदी करणाऱ्यांची फसगत झाली ती आकडा खोटा होता म्हणून नव्हे. तो आकडा कोणत्या यंत्रावरील खेळाचा, हे त्यांनी विचारले नाही म्हणून.

तिसरा प्रश्न परीक्षकाचा. येथे आपल्या जवळचे एक उदाहरण घेऊ. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा संस्थेने २०२० साली ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ प्रसिद्ध केला. श्रुती घोष, अविचल सिंग व इयन मॉड हे तिचे संस्थापक. २०१७ साली लोकांकडून आगाऊ वर्गणी गोळा करण्याचा त्यांचा प्रयत्न यशस्वी झाला नव्हता. तरीही त्यांनी काम तडीस नेले. असुरांनी पळवून नेलेल्या आपल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या, शोधार्थ निघालेली राजी ही मुलगी या खेळाची नायिका. राजस्थानच्या वास्तुशिल्पाची व पहाडी चित्रशैलीची छाया त्यातील दृश्यांवर पडली आहे. कथेचा काही भाग छायाबाहुल्यांच्या रूपाने पुढे सरकतो, आणि दुर्गा व विष्णू यांच्या संवादातून निवेदन होते.

जगातील समीक्षकांनी या खेळास सत्तरीच्या आसपास गुण दिले. म्हणजे पिवळा रंग. केवळ आकडा पाहणाऱ्याने म्हणावे, ‘मध्यम प्रतीचा दिसतो, राहू दे!’ परंतु परीक्षणे वाचली तर निराळे चित्र दिसते. चित्रकला, संगीत आणि आजवर पडद्यावर क्वचितच दिसलेले भारतीय वातावरण यांची समीक्षकांनी मनापासून स्तुती केली होती. दोष दाखविले ते द्वंद्वाच्या प्रसंगातील काहीशा ओबडधोबडपणाचे, खेळाच्या अल्प लांबीचे व तांत्रिक त्रुटींचे. हे दोष खरे होते. आपल्या मातीतील म्हणून त्यांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण ज्याला चित्रांची आवड आहे त्याच्या दृष्टीने तोच खेळ नव्वद गुणांचा ठरेल, आणि ज्याला केवळ लढाईची हौस आहे त्याच्या दृष्टीने साठांचा. सत्तर हा आकडा या दोघांपैकी एकाच्याही उपयोगाचा नाही. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’ या जागतिक पारितोषिकांत पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळासाठी ज्या पाच खेळांस नामांकन मिळाले, त्यांत ‘राजी’ होता, हेही येथे नमूद केले पाहिजे. आणि २०२२ साली त्याची सुधारलेली आवृत्ती हिंदी संवादांसह आली. दोष दाखविणारी समीक्षा वाचून कर्त्यास आपली कृती सुधारता येते. नुसत्या सत्तराच्या आकड्यातून काय सुधारावे हे त्याला कसे कळावे?

कोणी म्हणेल, समीक्षक काही मोजके. त्यांच्यापेक्षा हजारो खेळाडूंचे मत अधिक विश्वसनीय. ‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण आपल्याकडे आहेच. पण पाच मुखांनी बोलण्यापूर्वी पाहिलेले असावे, ही त्यातील गृहीत गोष्ट होय. २०२० सालच्या जूनमध्ये ‘द लास्ट ऑफ अस’ या खेळाचा दुसरा भाग आला. समीक्षकांची सरासरी नव्वदीच्या वर होती. त्याच वेळी खेळाडूंच्या रकान्यात अवघ्या काही तासांत शून्यांचा पाऊस पडला. जो खेळ पुरा करावयास वीसहून अधिक तास लागतात, त्यावर पहिल्याच दिवशी शून्य देणारे हजारो लोक तो खेळले तरी केव्हा होते? अखेर पुढच्याच महिन्यात मेटाक्रिटिकला नियम करावा लागला, की नवा खेळ निघाल्यापासून ३६ तासांपर्यंत खेळाडूंस मत नोंदविता येणार नाही. मोबाइलवरील ताऱ्यांची कथाही फारशी निराळी नाही. कित्येक खेळ आपण डाव जिंकलो की त्याच क्षणी ‘पाच तारे द्या’ अशी विनंती करतात. विजयाच्या आनंदात दिलेला तारा हा खेळाच्या गुणांचा की आपल्या आनंदाचा, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आणि कित्येक खेळ तर समीक्षकांच्या दृष्टीसच पडत नाहीत. नवी मुंबईच्या ‘गेमेशन’ कंपनीने २०१६ साली ‘लुडो किंग’ काढला. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी, दूरदूरच्या गावी अडकलेले आप्तस्वकीय या एका पटाभोवती जमले. मोठ्या समीक्षकांनी अशा मोफत मोबाइल खेळांकडे क्वचितच लक्ष दिले आहे. वस्तुतः या पटाचा वंश केवढा थोर! आपल्या पचिशीवरूनच इंग्रजांनी लुडो बेतला आणि १८९६ साली त्याचे पेटंटही घेतले. तोच पट शतकाहून अधिक काळाने परदेशी नाव धारण करून आपल्या मोबाइलवर परत आला. तेव्हा ज्याला आकडा नाही त्याला मोल नाही, असे समजणे म्हणजे वही नसलेल्या मुलास बुद्धी नाही असे समजण्यासारखेच आहे.

पालकांनी विशेष लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट याच ओघात सांगितली पाहिजे. २०१३ साली निघालेल्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ या खेळास मेटाक्रिटिकवर ९७ गुण आहेत. शंभरात सत्त्याण्णव! पण तो खेळ चोरी, दरोडे व हिंसा यांनी भरलेला असून मुलांसाठी नाही. युरोपातील वयनिर्णायक मंडळाने तो १८ वर्षांखालील मुलांस अयोग्य ठरविला आहे. समीक्षकाचा गुण रचनेच्या कौशल्याचा असतो, वयाच्या योग्यतेचा नसतो. मोबाइलवरील खेळाच्या नावाजवळ ३, ७, १२, १६, १८ असा जो वयाचा अंक दिलेला असतो, तो ताऱ्यांहून वेगळा आहे. पालकांनी प्रथम तो पाहावा आणि तारे मागाहून मोजावेत.

आपल्या मराठी भाषेची एक गंमत अशी, की परीक्षेत मिळतात तेही गुण आणि मनुष्याच्या अंगी असतात तेही गुणच. पहिला गुण हा दुसऱ्याची केवळ खूण आहे. खूण पाहून वस्तूकडे जावयाचे असते. खुणेलाच वस्तू समजून घरी परतावयाचे नसते. जोयडे येथे कंदमुळांचा जो मेळा भरतो, तेथे कुणबी भगिनी आपल्या परसातील नाना जातींचे कंद मांडून बसतात. तराजू कंदाचे वजन सांगतो, आणि ते सांगितल्यावाचून व्यवहारही होत नाही. पण शहाणे गिऱ्हाईक तेवढ्यावर थांबत नाही. हा कंद खाजतो काय, उकडावा की भाजावा, किती दिवस टिकेल, असे चार प्रश्न ते विकणारीस विचारते, कारण तिने तो पिकविला आहे व रांधून खाल्लाही आहे. आकडा तराजूचा आणि शहाणपण तिच्या उत्तरांचे. समीक्षेतील आकडा व मजकूर यांचे नातेही नेमके हेच आहे.

शाळेतही हा अनुभव येतो. तपासलेली उत्तरपत्रिका हाती पडताच बहुतेक विद्यार्थी पहिल्या पानावरील गुण पाहतात, शेजाऱ्याचे पाहतात, आणि उत्तरपत्रिका मिटून ठेवतात. समासात तांबड्या शाईने लिहिलेला शेरा वाचणारे विरळा. वास्तविक शिक्षकाचे श्रम त्या शेऱ्यात असतात आणि विद्यार्थ्याची पुढील वर्षाची प्रगतीही तेथेच असते.

मराठीस समीक्षेचे वावडे नाही. माधव मनोहर यांच्यासारख्या नाट्यसमीक्षकांची परीक्षणे रसिकांनी वर्षानुवर्षे आवडीने वाचली, त्यांच्याशी वाद घातले, आणि त्या वादातून रसिकांची नजर तयार झाली. व्हिडिओ गेमविषयी मात्र मराठीत अशा तोडीचे लेखन अद्याप फारसे दिसत नाही. त्यामुळे आमची मुले मराठीत खेळतात, मराठीत भांडतात, आणि खेळाविषयी मत देण्याची वेळ आली की परक्या आकड्याचा आधार घेतात. ही उणीव दूर करण्यास मोठ्या साधनांची गरज नाही. आपल्या शाळेच्या भित्तिपत्रकावर ‘खेळ-परीक्षण’ असे एक सदर सुरू करावे, अशी आमची नम्र सूचना आहे. त्याचे नियम थोडेच असावेत. परीक्षकाने खेळ किती वेळ व कोणत्या यंत्रावर खेळला हे प्रथम लिहावे. तो कोणत्या वयास योग्य, त्यात पैसे किंवा वेळ उधळण्याचा मोह कोठे आहे, हे सांगावे. एक गुण आणि एक दोष उदाहरणासह दाखवावा. एवढे झाल्यावर हवा तर आकडा द्यावा. मात्र कारणांवाचून आकडा स्वीकारला जाऊ नये. ज्याच्या घरी मोबाइल नाही त्याने लगोरीचे किंवा आट्यापाट्यांचे परीक्षण लिहावे. त्याला नियम हेच, आणि मानही तितकाच.

असे लिहिण्याचा सराव झाला, की त्याचा लाभ खेळापुरता राहणार नाही. जो मुलगा किंवा जी मुलगी एका खेळाविषयी ‘मला आवडला’ यापुढे जाऊन ‘का आवडला’ हे चार वाक्यांत सांगू शकते, तिला उद्या पुस्तक, चित्रपट, बाजारातील वस्तू, किंबहुना निवडणुकीतील उमेदवार यांविषयीही स्वतःचे मत बनविता येईल. जगात आपणांस आकडे देणारे पुष्कळ भेटतील. आपण कारणे विचारावयाची सवय सोडू नये. येत्या वर्षी शाळेच्या भित्तिपत्रकावर पहिले परीक्षण कोणाच्या हातचे झळकते, याची आम्ही उत्सुकतेने वाट पाहत आहोत.